गाय बसते कुठे?

तळोजा-पनवेलकडच्या गोठ्यांत शिरलो की मी पशुवैद्य असूनही कासेआधी जमीन पाहतो. गाय दिवसाचे 12 ते 14 तास बसून काढते. तेवढा वेळ कास तिथेच टेकलेली. मी सरळ गुडघे टेकवतो. अर्ध्या मिनिटात पँट ओली झाली, तर पेंढा बदलायचाच! आपल्या पावसाळ्यात भाताचा पेंढा लगेच कुजतो, ओल्या लाकडी भुशात तर कासदाहाचे जंतू झपाट्याने वाढतात. स्वच्छ, कोरडी वाळू उत्तम, कारण जंतूंना तिच्यात खायला काही नसते. पण ती शेणाबरोबर वाहून गटारे तुंबवते. रबरी मॅटवरही कोरडा भुसा हवाच. आणि धार काढल्यावर लगेच वैरण टाका. सडाचे तोंड अर्धा तास तरी उघडे असते, तोवर गाईने उभे राहायला हवे.