माळ्यावरची खार : हाकलावी कशी, थांबवावी कशी

कुणी थोडीशी मदत केली तरी आपण ‘खारीचा वाटा’ म्हणतो. पण गटाचे शेंगदाणे माळ्यावर ठेवले आणि त्यात खारीनं वाटा घेतला, तर तो परवडत नाही. कौलारू घर आणि अंगणात आंबा, पेरू असेल तर हा त्रास बऱ्याच जणींना होतो.

आधी खात्री करा, खारच आहे का? माळ्यावर रात्री खुडबुड होत असेल तर ते उंदीर. खार दिवसा फिरते आणि अंधार पडला की झोपते. कापूस, काथ्या, बारदानाचे धागे, जुन्या गोधडीच्या चिंध्या यांचा गोळा दिसला, तर ते तिचं घरटं समजा.

नुकसान फक्त दाण्यांचं नाही. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून तिला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. त्यात विजेची वायर सापडली की आतली तार उघडी पडते. माळ्यावर सरपण, बारदान असतं, ठिणगी पडायला वेळ लागत नाही. म्हणून वर चढण्याआधी मेन स्विच बंद करा आणि बॅटरी घेऊन जा. वायर कुरतडलेली दिसली तर हात लावू नका, वायरमनला बोलवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरट्यात पिल्लं आहेत का ते लांबूनच बघा. पिल्लं जन्मतात तेव्हा उघडी असतात, डोळे मिटलेले असतात. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी घाईनं भोक बुजवलं. आई बाहेर राहिली, पिल्लं आत मेली. घरभर वास सुटला आणि आईनं आत शिरायला शेजारची फळी कुरतडली ती वेगळीच. पिल्लं असतील तर ती मोठी होऊन हिंडू लागेपर्यंत थांबा. तोवर दाणे तेवढे खाली आणा.

पिल्लं नसतील तर काम सोपं आहे. माळा रिकामा करून झाडून घ्या. दिवसा माणसांची ये-जा ठेवा. मग वाटा शोधा : वळचणीची फट, सरकलेलं कौल, भिंत आणि वासा यांमधली पोकळी, वायर आत येते ते भोक. एक वाट सोडून बाकीच्या बंद करा. उरलेल्या वाटेत कागदाचा सैल बोळा ठेवा. दोन-तीन दिवस बोळा हलला नाही तर आत कुणी नाही. हलला तर सकाळी ऊन वर आल्यावर, खारी बाहेर पडल्या की आत नीट बघून ती वाटही बंद करा. संध्याकाळी कान द्या. आतून चिरचिर ऐकू आली तर लगेच उघडा.

बुजवायला चिंध्या, थर्माकोल, लाकडाची पट्टी उपयोगाची नाही, ती सहज कुरतडते. पाव इंची भोकांची लोखंडी जाळी ठोका, भिंतीतली भोकं सिमेंटनं भरा. छपरावर आलेल्या फांद्या सहा-सात हात मागे छाटा. माल प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. वाळवणाचे दिवस सुरू होण्याआधी हे उरकलं तर पापड-कुरडयाही वाचतील.

उंदराचं विष मात्र ठेवू नका. जिथं खायचा माल आहे तिथं विष कशाला? मेलेली खार मांजरानं खाल्ली तर तेही दगावू शकतं, आणि लहान मुलांचा हात कुठंही जातो. खारीला हातानं धरायलाही जाऊ नका. चावली तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि आरोग्य केंद्रात दाखवा.

खारीनं झाडावर सुखानं राहावं. आपला माळा मात्र आपल्या मालासाठी आहे. या आठवड्यात दोघी-तिघींनी मिळून एकेकीची वळचण बघून घ्या. शिडी धरायला कुणीतरी हवंच!