गंधकाचे हमाल

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे ढीगच्या ढीग पडलेले असतात, पण तिथे डोळ्यांत पाणी येतं ते भाव कोसळल्यावर. अख्खा कांदा कुणालाच रडवत नाही! त्यातली गंधकाची संयुगं आणि त्यांना फोडणारं ॲलिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. विळी फिरली की दोघांची गाठ पडते. पुढचा रडवणारा वायू आपोआप तयार होतो, असा बरीच वर्षं समज होता. २००२ साली जपानच्या हाऊस फूड्स कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्या कामाला कांद्याने आणखी एक विकर नेमलेलं आहे. या शोधाला २०१३ साली इग नोबेल मिळालं. इग नोबेल म्हणजे आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. लासलगावच्या निफाड तालुक्याला त्यात निदान मानाचं पान तरी हवं होतं.

यकृतातली हमाली

गंधकाची ने-आण आपल्या पेशींतही चोवीस तास चालते. गोणी एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर जावी, तसा गंधकाचा एकेक अणू इकडून तिकडे देणारी विकरं आपल्याकडे आहेत. त्यातला मुकादम रोडनेज. मुक्काम मुख्यतः यकृतात, पेशींच्या मायटोकॉण्ड्रियात. १९३३ साली कोनराड लांग या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचा छडा लावला.

याचं गाजलेलं काम म्हणजे सायनाइडचा बंदोबस्त. सायनाइड काय फक्त रहस्यकथेत असतं? जवसात, कडू बदामात, ज्वारीच्या कोवळ्या धांड्यात, सिगारेटच्या धुरात ते थोडंफार येतंच. रोडनेज थायोसल्फेट या गंधकाच्या संयुगाकडून गंधकाचा अणू आधी स्वतःवर घेतं आणि मग सायनाइडला चिकटवतं. त्यातून होतं थायोसायनेट. ते सायनाइडपेक्षा कितीतरी सौम्य, आणि लघवीवाटे निमूट बाहेर जाणारं. कोवळी ज्वारी खाऊन गाय-बैल कोसळले, तर पशुवैद्य सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन देतात ते याचसाठी. हमाल तयार असतो, माल कमी पडलेला असतो.

फाळक्यांचा हायपो

हे सोडियम थायोसल्फेट जुन्या फोटोग्राफरांच्या चांगल्या ओळखीचं. डार्करूममधला 'हायपो' तो हाच! फिल्मवरचे उरलेले चांदीचे क्षार धुऊन काढून चित्र पक्कं करणारा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके आधी फोटोग्राफर होते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली झळकला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना मुंबईहून नाशिकला हलवला. पुढे 'लंकादहन' (१९१७) इथलाच. फिल्म धुणं, रसायनं कालवणं यात सरस्वतीबाई फाळके तरबेज होत्या. घरात हायपोची बाटली आणि अंगात रोडनेज, अशी दुहेरी सोय असलेलं हे कुटुंब.

साबुदाण्याची सावत्र बहीण

साबुदाणा होतो टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्याच्या कंदापासून, आणि कसाव्यात सायनाइड देणारी द्रव्यं असतात. तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांत कंद किसून, पुन्हा पुन्हा धुऊन त्याचा स्टार्च काढतात. त्या पाण्याबरोबर बला निघून जाते. त्यामुळे चतुर्थीच्या खिचडीला घाबरायचं कारण नाही.

आफ्रिकेतली गोष्ट मात्र वाईट. दुष्काळात माणसं कडू कसावा पुरेसा न भिजवताच खातात, आणि ताटात डाळ, दूध, अंडं यांतलं काहीच नसतं. प्रथिनांतून येणारा गंधक मिळत नाही, म्हणून रोडनेज हात चोळत बसतं. मग एका दिवसात पाय ताठरतात, ते कायमचे. या रोगाचं नाव कॉन्झो. १९३८ साली काँगोत ट्रोली या डॉक्टरने त्याची नोंद केली. बाधा जास्त करून बायका आणि मुलांना होते. विष कमी करण्याइतकंच ताट भरणंही इथे औषध आहे.

सडपातळ उंदीर

एडिंबरोच्या संशोधकांनी पिढ्यान्‌पिढ्या सडपातळपणासाठी निवडलेल्या उंदरांची जनुकं तपासली. २०१६ साली निष्कर्ष आला: त्यांच्या चरबीत रोडनेज भरपूर! ते चरबीच्या पेशींत मुद्दाम वाढवलेल्या उंदरांना तेलकट-तुपकट चारलं, तरी लठ्ठपणा आणि मधुमेहाची लक्षणं कमी दिसली. उंदरांत, बरं का. गंधकाच्या गोळ्या घ्यायला धावू नका.

द्राक्षाच्या पेटीत

नाशिकचं द्राक्ष आणि गंधक यांचं नातं जुनं. भुरी या बुरशीच्या रोगावर गंधक मारतात. निर्यातीच्या पेटीत 'ग्रेप गार्ड' ठेवतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशी थोपवतो. वाइनमध्येही सल्फाइट असतंच. हे सल्फाइट आपल्या अंगात निरुपद्रवी करतं सल्फाइट ऑक्सिडेज हे विकर. त्याला मॉलिब्डेनमचा एक सुटा भाग लागतो. तो भाग जोडताना गंधक आणून देणाऱ्या प्रथिनाचा एक तुकडा थेट रोडनेजच्याच घाटणीचा! ही जोडणी जन्मतःच बिघडली तर बाळाला पहिल्या दिवसांतच आकडी येऊ लागते. आजार फार दुर्मीळ, पण भयंकर.

आणि तोंडाचा वास

लसूण खाल्ल्यावर दात कितीही घासा, ॲलिल मिथाइल सल्फाइड हे संयुग रक्तात जाऊन फुप्फुसांतून तासन्‌तास बाहेर येत राहतं. यकृताला ते झटपट मोडता येत नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात २०२३ साली कच्च्या लसणात दही मिसळून पाहिलं, तेव्हा बाटलीतले वासाचे वायू जवळजवळ नाहीसे झाले. सायीचं दही जास्त गुणकारी. मिसळीबरोबर दही मागवताना हे लक्षात असू द्या, आणि लसणाची चटणी त्याच घासाला घ्या. मागाहून खाल्लेल्या दह्याचा असर कमी होतो, असा त्या संशोधकांचाच अंदाज आहे.