टोळधाडीचा अवकाशातून माग

मे २०१८ मध्ये ‘मेकुनू’ हे चक्रीवादळ ओमानच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्याचा पाऊस अरबस्तानातील रुब अल खाली या निर्मनुष्य वाळवंटापर्यंत पोहोचला. सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर पसरलेल्या या प्रदेशात त्या वर्षी वाळूच्या टेकड्यांमध्ये चक्क तळी साचली. ऑक्टोबरमध्ये ‘लुबान’ या दुसऱ्या वादळाने तीच जमीन पुन्हा भिजवली. उपग्रहांच्या चित्रांत ही ओल आणि तिच्यामागून उगवलेली हिरवळ उमटत होती. त्या हिरवळीत काय वाढत आहे हे पाहण्यास मात्र तेथे कोणी पोहोचू शकले नाही. रस्ता नाही, वस्ती नाही. वाळवंटी टोळांच्या एकामागून एक तीन पिढ्या तेथे निर्वेध पार पडल्या. अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबानुसार प्रत्येक पिढीत वीसपट वाढ होते, म्हणजे तीन पिढ्यांत मूळ संख्येच्या आठ हजारपट टोळ.

२०१९ च्या प्रारंभी तेथून निघालेले थवे येमेन, सौदी अरेबिया आणि इराणकडे गेले. मे २०१९ मध्ये टोळ जैसलमेर जिल्ह्यात दिसू लागले. त्यानंतर वर्षभराने, मे २०२० च्या अखेरीस, अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतील शेतकरी डबे वाजवून आपल्या शिवारातून टोळ हुसकावत होते. एका निर्जन वाळवंटातील पाऊस दोन वर्षांनी विदर्भाच्या बांधावर पोहोचला तो असा.

एक प्रौढ टोळ जेमतेम दोन ग्रॅम वजनाचा असतो आणि दिवसाला जवळजवळ आपल्या वजनाइतकाच पाला खातो. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात. तरीही टोळधाडीच्या पूर्वसूचनेसाठी वापरले जाणारे उपग्रह टोळ पाहत नाहीत. शेकडो किलोमीटर उंचीवरून कीटक दिसण्याचा प्रश्नच नाही, आणि थवा दिसावा अशी अपेक्षाही नसते. थवा दिसेपर्यंत खरे तर बराच उशीर झालेला असतो. उपग्रह पाहतात ती टोळाची गरज: आधी ओल, मग पाला.

मादी अंडी घालण्यापूर्वी पोटाचे टोक जमिनीत खुपसून चाचपणी करते. दहा ते पंधरा सेंटिमीटर खोलीवर वाळू ओलसर लागली तरच ती तेथे फेसाळ आवरणातील अंडपुंज सोडते. पेरणीपूर्वी शेतकरी वीतभर माती उकरून ओल कुठवर गेली ते पाहतो, त्याहून ही परीक्षा फारशी वेगळी नाही. अंडी उबण्यास उष्ण हवामानात साधारण दोन आठवडे लागतात. बाहेर आलेल्या बिनपंखी पिल्लांना लगेच कोवळा पाला हवा असतो. म्हणून ज्या जागी ओल टिकली आणि तिच्यापाठोपाठ हिरवळ आली, ती जागा संशयित समजावी, असा हा साधा हिशेब आहे.

हिरवळ ओळखणे त्यामानाने जुने काम. पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते आणि निरोगी पान निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. या दोहोंच्या फरकावरून वनस्पती निर्देशांक काढला जातो. भारतात या विद्येचा आरंभच पीक संरक्षणातून झाला, ही गोष्ट कृषी क्षेत्रातही फारशी सांगितली जात नाही. १९७० मध्ये पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली केरळातील नारळाच्या मूळ-कोमेजणी रोगाची पाहणी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेऊन करण्यात आली होती. भारताचा पहिला कार्यकारी (प्रायोगिक नसलेला) दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये कक्षेत गेला. अवरक्त प्रकाशाची हीच उपयुक्तता पुढे पृथ्वीबाहेरही दिसली: चंद्रयान-१ वरील वर्णपटमापकाने चंद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचे अंश त्याच प्रकाशात ओळखले.

वाळवंटात मात्र हा निर्देशांक दगा देऊ शकतो. झुडपे विरळ, मधली वाळू चकाकणारी. एका ठिपक्यात वाळूच अधिक आणि पाला नावापुरता. टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरील मोडिस उपकरणाचा सर्वांत बारीक ठिपका २५० मीटरचा आहे. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या दहा मीटरच्या ठिपक्याने या अडचणीचा बराच भाग दूर केला. तरी दुसरी अडचण उरतेच. हिरवळ दिसते तेव्हा अंडी घालून झालेली असू शकतात.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत लक्ष ओलीकडे वळले. ओल्या मातीतून निघणारी सूक्ष्मतरंग ऊर्जा कोरड्या मातीपेक्षा कमी असते. सुमारे २१ सेंटिमीटर लांबीच्या या लहरी ढगांना आणि विरळ झुडपांना जुमानत नाहीत. युरोपीय अवकाश संस्थेचा स्मॉस (२००९) आणि नासाचा स्मॅप (२०१५) हे दोन उपग्रह त्या टिपतात. स्मॅपवरील रडार सोडल्यानंतर काही महिन्यांतच बंद पडले. उरलेल्या रेडिओमीटरचा ठिपका सुमारे चाळीस किलोमीटरचा आहे, म्हणजे एका ठिपक्यात एखादा तालुका सहज मावतो. शिवाय या लहरी वरच्या पाच सेंटिमीटरांचीच ओल सांगतात, आणि मादी तर त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल जाते. संगणकीय प्रारूपांनी ही तफावत भरून काढता येते, पण ते अनुमान असते, मोजमाप नव्हे.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित झालेला निसार उपग्रह या बाबतीत महत्त्वाचा ठरावा. नासाचे एल-पट्ट्यातील आणि इस्रोचे एस-पट्ट्यातील अशी दोन रडारे त्यावर आहेत. दर बारा दिवसांनी तो त्याच मार्गावरून परत जातो आणि त्याचा ठिपका कित्येक पटींनी बारीक आहे. दोन वाळूच्या टेकड्यांमधील सखल पट्टी ओली आहे की तिच्या शेजारचे पठार, हा फरक सर्वेक्षण पथकाच्या दृष्टीने दिवसभराच्या प्रवासाचा असतो.

तरीही काही गोष्टी अवकाशातून कळत नाहीत. २०२० मध्ये विदर्भात आलेल्या टोळांबाबत पहिला प्रश्न त्यांच्या रंगाचा होता. अपक्व टोळ गुलाबी असतात. ते खूप उडतात, खूप खातात, पण अंडी घालत नाहीत; पिवळे झालेले टोळ पक्व असतात आणि ओली जमीन मिळताच तेथे पुढील पिढी सोडतात. त्या मे महिन्यातील थवे गुलाबी होते. राजस्थानात पाऊस अजून आला नव्हता, हिरवळ नव्हती, म्हणून ते वाऱ्याबरोबर पूर्वेकडे सरकत राहिले. अशा वेळी कृषी सहायकाने ‘टोळ आले’ एवढेच न कळवता रंग, थवा उतरल्याची वेळ व जागा आणि उडताना घेतलेली दिशा कळवली, तर पुढील नियोजन बदलते. थवा संध्याकाळी झाडांवर उतरतो आणि सकाळी ऊन तापल्यावर उठतो. फवारणीला मिळते ती या दोहोंमधील रात्र आणि पहाट. २०२० मध्ये भारताने याच कामासाठी ड्रोन वापरले.

टोळ इशारा संस्था १९३९ पासून हे काम करत आहे. तिचे क्षेत्रीय मुख्यालय जोधपूर येथे असून राजस्थान व गुजरातमध्ये तिची मंडल कार्यालये आहेत. उपग्रहाच्या नकाशावर ओलीचा डाग उमटला की पथक जीपने तेथे जाते, वाळू उकरते, कोरडा थर किती आणि ओल किती सेंटिमीटरवर लागली ते मोजते, झुडपांखाली पिल्ले शोधते. ही नोंद ‘ई-लोकस्ट’ प्रणालीतून, मोबाइलचे जाळे नसलेल्या जागीही, उपग्रहामार्फतच पाठवता येते. अनेकदा त्या नोंदीत शून्य टोळ असतात. हा शून्यही नकाशावर चढवला जातो.