तोडीचा निरोप आणि मोबाईलवरची सभा



मोबाईलवर सभा घेण्याचे आणि निरोप धाडण्याचे साधन कारखान्याने विकत घ्यावे की फुकटातले वापरावे, हा प्रश्न गट ऑफिसात अनेकांनी काढला. "फुकट मिळतंय तर पैसे कशाला घालवताय?" असा रोखठोक सवाल. पैसा आपल्याच उसाचा आहे, तेव्हा विचारणे बरोबरच. म्हणून हा खुलासा.

आधी आपल्या जिल्ह्यातलाच दाखला बघू. १९९८ साली सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून वारणानगर परिसरातल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' योजना आणली. गावोगावी कॉम्प्युटरची केंद्रे झाली. जगाची माहिती गावात यावी हा बेत. पण शेतकरी तिथं जायचे ते मुख्यतः उसाच्या कामासाठी. तोडीचा परवाना, वजन, खताची खरेदी. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी ७ गावांत ८ महिने कॉम्प्युटरऐवजी साध्या मोबाईलवर एसएमएसने तीच कामे करून पाहिली. सगळी झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही तेच सोयीचे वाटले. तेव्हा काम काय आहे ते आधी ठरवायचं, यंत्र मागनं बघायचं.

आपली कामे दोन. पहिले, निरोपाचे. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात १०२४ च माणसे बसतात. आपली सभासद यादी त्याच्या कितीतरी पुढे. शिवाय ग्रुपात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. गेल्या हंगामात चिटबॉयने टाकलेला तोडीचा निरोप गुड मॉर्निंगच्या फुलांखाली आणि लग्नपत्रिकांखाली गडप झाला. टोळी फडावर आली तर रान नुकतंच पाणी पाजलेलं! टोळी माघारी गेली. पुन्हा नंबर लागेपर्यंत किती दिवस ऊस वाळला, ते ज्याचं त्याला ठाऊक. तेव्हा तोड, वजन आणि बिल ही तीन कामे एसएमएसवरच ठेवावीत असे आम्हांस वाटते. त्यात एक अडचण आहे. इंग्रजी एसएमएसात १६० अक्षरे मावतात, मराठीत काना-मात्रा धरून ७० च. लांबला की दोन निरोपांचे पैसे. म्हणून इंग्रजीत धाडा असे कोणी सुचवले. आमचे म्हणणे, मराठीतच धाडा, पण आटोपशीर: "तोड १२ तारखेस. गट नं. ४१७. पाणी देऊ नये." सत्तरीत आरामात बसते, आणि घरातली म्हातारी माणसंही वाचतात.

दुसरे काम सभेचे. गट ऑफिसच्या बैठकीला फुकटातले चालेल. झूमवर १०० माणसे आणि ४० मिनिटे मिळतात, गुगल मीटवर तासभर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात रस्ते बंद पडले, तशा वेळी याचा उपयोग मोठा. मात्र एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृहखात्याने झूम सरकारी अधिकाऱ्यांच्या कामाला सुरक्षित नाही असे कळवले होते; तेव्हा दराच्या, टेंडरच्या गोष्टी तिथं बोलू नयेत. त्याच वर्षी केंद्राच्या स्पर्धेत केरळातल्या अलप्पुळाच्या कंपनीचे 'व्हीकन्सोल' पहिले आले. 'जित्सी' नावाचे साधन तर आपल्याच कॉम्प्युटरवर बसवता येते, पण मिलला फिटर लागतो तसा त्यालाही जाणता माणूस लागतो. आणि कुठलेही घ्या, कागद आपल्याकडे उतरवून ठेवा. इतकं नावाजलेलं स्काईप, मे २०२५ मध्ये बंद झालं.

वार्षिक सभेची गोष्ट वेगळी. कोरोनाच्या काळात राज्यात अनेक संस्थांच्या सभा ऑनलाईन झाल्या. मांडवात सभासद उठून उभा राहिला की त्याला बसवायला दहा जण लागतात. मोबाईलवर एक बटण पुरते, आणि ते सभा चालवणाऱ्याच्या हातात! कोपऱ्यात हात वर केलेला दिसत राहतो आणि इकडे 'मंजूर, मंजूर' होऊन जाते. म्हणून वार्षिक सभा मांडवातच व्हावी. ज्यांना येणे जमत नाही त्यांच्यासाठी मोबाईल ही जोड असावी. त्यातही हात वर केलेल्यांची यादी क्रमाने सर्वांना दिसली पाहिजे, मतदान सभासद क्रमांकावर नोंदले पाहिजे, आणि सभेचे चित्रीकरण गट ऑफिसात मागेल त्याला बघता आले पाहिजे. विकत घ्यायचे तर या तीन गोष्टी देणाऱ्याचेच घ्यावे, असे आम्ही संचालक मंडळापुढे मांडले आहे.

तूर्त, ज्यांचे मोबाईल नंबर बदललेत त्यांनी बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आत गट ऑफिसात नोंद करावी. मुलाचा नंबर दिला असेल आणि तो पुण्या-मुंबईला असेल, तर तोडीचा निरोप तिकडेच जाणार, हे ध्यानात असू द्या.