सुजेवरील झाडपाला : खरा किती, धोका कोठें

रोवणीचे दिवस संपत आले म्हणजे आमच्या गोंदिया जिल्ह्यांत एक तक्रार घरोघर ऐकूं येते. चिखलांत दिवसचे दिवस कमरेंत वांकून परहे लावणाऱ्या बायांचे गुडघे सुजतात. धुऱ्यावरून पाय घसरून कोणाचा घोटा मुरगळतो. अशा वेळीं एकजण निर्गुडीचा पाला शेकून बांधतो, दुसरा सालईचा डिंक लावतो, आणि तिसरा ‘हीं सारीं अडाण्यांचीं औषधें’ म्हणून हंसतो. यांत खरें कोणाचें, हें पाहणें शेतकरी बंधूंस अवश्य आहे.

प्रथम सूज म्हणजे काय तें पाहूं. शरीरास इजा झाली कीं त्या जागीं रक्ताचा पुरवठा वाढतो. ती जागा लाल, ऊन व दुखरी होते. वस्तुतः ही दुरुस्तीचीच क्रिया होय. परंतु बांधींतील पाणी वेळेवर न काढल्यास जसें तेंच पिकास मारतें, तशी ही क्रिया आवरेनाशी झाली म्हणजे सांध्यास घातक होते.

निर्गुडी सर्वांच्या ओळखीची आहे. एका देठावर तीन किंवा पांच पानें, पसरलेल्या बोटांसारखीं. पाठ पांढुरकी, वास उग्र, फुलें निळसर जांभळीं. श्रीलंकेंतील संशोधकांनीं २००३ सालीं हिच्या ताज्या, जून पानांचा पाण्यांतील अर्क उंदरांस देऊन पाहिला, तों सूज व वेदना कमी झाल्या. चीन देशांतही हीच वनस्पती ‘ह्वांग-चिंग’ या नांवानें वैद्य वापरतात. तथापि उंदरांवरील गुण म्हणजे माणसावरील सिद्धता नव्हे, हें विसरूं नये.

सालईची गोष्ट एक पाऊल पुढची आहे, आणि ती आपल्या नागपुरांतच घडली. गुडघेदुखीच्या ३० रोग्यांचे दोन गट करून एकास सालईच्या डिंकाचा अर्क व दुसऱ्यास औषध नसलेली गोळी आठ आठवडे दिली; पुढें कांहीं दिवस थांबून अदलाबदल केली. कोणास काय मिळालें हें रोग्यासही ठाऊक नव्हतें व तपासणाऱ्यासही नव्हतें. हा प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. अर्क घेणाऱ्यांचें दुखणें व सूज कमी झाली, गुडघा अधिक वांकूं लागला, चालणें वाढलें. मात्र क्ष-किरणांच्या चित्रांत कांहीं फरक दिसला नाहीं. म्हणजे आराम पडला, झिजलेला सांधा भरून आला नाहीं. रोगी थोडे होते, हेंही ध्यानांत धरावें. सालईच्याच जातींतील अरबी व आफ्रिकी झाडांचा डिंक चिनी वैद्य ‘रू-श्यांग’ म्हणून मार व सुजेवर पूर्वापार देत आले आहेत.

आतां धोक्याची बाजू. चिनी वैद्यकांत ‘फांग-ची’ नांवाचें एक मूळ सांधे व सुजेवर देतात. परंतु त्याच नांवानें दोन निराळ्या वनस्पती विकल्या जात असत. बेल्जम देशांत एका औषधांत एकीच्या जागीं दुसरी पडली, आणि शंभरांहून अधिक लोकांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. हा प्रकार १९९३ सालीं उघडकीस आला. त्या विषारी वनस्पतीच्याच कुळांतील ईश्वरीची वेल आपल्याकडेही आहे. ती पोटांत कदापि घेऊं नये. तसेंच ‘दोन दिवसांत सांधे मोकळे’ म्हणून बाजारांत मिळणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें पुष्कळदां सांपडलें आहे. अशा पुडीनें आराम झटपट वाटतो, पण हाडें ठिसूळ होतात व मधुमेह बळावतो.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. निर्गुडीचा पाला मुरगळल्यावर व अंगदुखीवर बाहेरून खुशाल बांधावा; पण पहिल्या दिवशीं शेक न देतां थंड पाण्याची पट्टी ठेवावी. पोटांत घ्यावयाचें औषध जाणत्या वैद्याच्या हातून, प्रमाणानें घ्यावें. गरोदर स्त्रियांनीं व रक्त पातळ करणारीं औषधें घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये. एकच सांधा लाल व ऊन होऊन ताप आला, तर पाल्यावर विसंबून न राहतां त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. दोन्ही पायांवर बोट दाबतां खळगा पडत असेल, तर तो हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असूं शकतो. पूर्व विदर्भांत हत्तीरोगही आहे. त्याच्या सुजेवर लेप व्यर्थ होत, सरकारी गोळ्याच घ्याव्या.

राहिली झाडांची गोष्ट. निर्गुडी पावसाळ्यांत फांदी खोंचली कीं लागते व गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत. धुऱ्यावर व बोडीच्या पाळीवर तिची एक ओळ अवश्य लावावी. सालईचा डिंक काढतांना खोल घाव घातल्यास झाड वाळतें. उथळ चीर द्यावी व झाडास विसांवा द्यावा. औषधाची ओळख ज्याच्या धुऱ्यावर उभी आहे, त्यास पुडीवाल्याकडून फसण्याचें कारण उरत नाहीं.