परसबागेतील सुवासिक गुलाब

गुलाबाचे रोप विकत घेताना बहुतेक लोक फुलाचा रंग व आकार पाहतात, आणि घरी फूल उमलल्यावर त्यास वास नसला म्हणजे खताला किंवा मातीला दोष देतात. वस्तुतः सुवास हा वाणाचा गुण आहे. ज्या वाणात तो नाही त्यास कितीही शेणखत घातले तरी झाड वाढेल, फुले मोठी होतील, परंतु वास येणार नाही. गुलाबाच्या सुवासातील काही प्रमुख द्रव्ये पाकळ्यांतील एका विशिष्ट विकरामुळे तयार होतात, असे फ्रान्समधील संशोधकांनी 2015 साली दाखविले. दूरच्या बाजारपेठेसाठी निपजविलेल्या लांब दांड्याच्या वाणांत टिकाऊपणाकडे अधिक लक्ष दिले गेले व सुवास मागे पडला.

घरगुती बागेसाठी एडवर्ड हा जुना गुलाब चांगला. हारासाठी व गुलकंदासाठी महाराष्ट्रात तो पूर्वापार लावला जातो. हिंदी महासागरातील बूर्बों, म्हणजे आजच्या रेयुनियाँ, बेटावर दमास्क व चिनी गुलाबांच्या संकरातून जो वर्ग उत्पन्न झाला, त्यातलाच हा एक. दमास्कापासून त्यास वास मिळाला आणि चिनी गुलाबापासून पुनःपुन्हा फुलण्याची सवय. फुलदाणीत ऐटीने उभे राहणारे फूल ज्यांना हवे असेल त्यांनी मात्र याची निवड करू नये.

याचा दुसरा मोठा फायदा असा की, तो फाटे कलमाने सहज येतो. डोळा भरलेल्या गुलाबास “पहिल्या वर्षी वास होता, पुढे गेला” अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. अशा वेळी जोडाच्या खालून निघालेल्या खुंटाच्या फुटव्यांनी मूळ कलम दडपून टाकले आहे काय, हे प्रथम पाहावे. स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या झाडास हे भय नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची, चारपाच डोळ्यांची, सुमारे 20 सेंटिमीटर लांबीची पक्व काडी पावसाळ्यात दोनतृतीयांश मातीत जाईल अशी लावावी.

जागा सकाळचे ऊन मिळणारी असावी. दुपारी थोडी सावली आल्यास उन्हाळ्यात उपकारकच होते. खड्डा दीड फूट लांब, रुंद व खोल घेऊन त्यात 10 किलो कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. काळ्या भारी जमिनीत वाफा उंच करावा. परसातील झाडे मोरीच्या पाण्यावर वाढविण्याची आपल्याकडे चाल आहे. केळ व अळू ते निभावून नेतात. गुलाबास साबणाचे व सोड्याचे पाणी मानवत नाही.

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात छाटणी करावी. वाळलेल्या व रोगट फांद्या काढून निरोगी फांद्या बाहेरच्या बाजूस असलेल्या डोळ्यावर तिरप्या कापाव्यात. सुमारे दीड महिन्यात बहर येतो.

रोगकिडींच्या बाबतीत घरच्या गुलाबाचा नियम शेतातल्यापेक्षा वेगळा ठेवावा, कारण या पाकळ्या मुलांच्या पोटात जावयाच्या असतात. काळे ठिपके पडलेली पाने वेचून जाळावीत, खवले कीड ओल्या चिंधीने पुसून काढावी, माव्यावर पाण्याचा जोराचा फवारा मारावा. फांद्यांत भिनणारे कीटकनाशक अशा झाडावर मुळीच वापरू नये. ज्या फुलांवर काय फवारले आहे हे ठाऊक नाही, अशी बाजारची फुलेही गुलकंदास घेऊ नयेत.

फुले सूर्य वर येण्यापूर्वी तोडावीत. वासाची तेले उन्हाने उडून जातात, आणि ती मुळातच फार थोडी असतात. दमास्क गुलाबाच्या एक किलो तेलासाठी तीन ते पाच टन फुले लागतात. तोडलेल्या फुलांच्या पाकळ्या त्याच दिवशी सुट्या करून पुसून घ्याव्यात. त्यांच्या वजनाइतकी कुटलेली खडीसाखर घेऊन काचेच्या बरणीत पाकळ्या व साखर यांचे एकाआड एक थर द्यावेत, तोंड फडक्याने बांधावे आणि बरणी तीन आठवडे दररोज उन्हात ठेवून मधूनमधून कोरड्या चमच्याने ढवळावी.