मिकी माउसवाल्या वॉल्ट डिस्नेने स्वतःच्या हाताने मालगाडीचा शेवटचा डबा का बनवला?

वॉल्ट डिस्ने म्हटलं की मिकी माउस आठवतो, डिस्नेलँड आठवतं. पण 1950 च्या आसपास हाच माणूस फावल्या वेळात लाकूड कापत आणि घासत बसायचा. त्यातून तयार झाला मालगाडीचा शेवटचा डबा. खऱ्या डब्याच्या एक अष्टमांश आकाराचा, आत झोपायच्या बाकांपासून शेगडीपर्यंत सगळं असलेला.

आता तुम्ही म्हणाल, बनवायचंच होतं तर इंजिन बनवायचं, शेवटचा डबा कशाला? तर त्यासाठी आधी हा डबा काय होता ते बघू.

कबूस म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे मालगाडीच्या शेवटी गार्डचा डबा असतो. हिरवा झेंडा घेऊन उभा असलेला गार्ड लहानपणी प्रत्येकाने बघितलाय. (2022 पासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात.) अमेरिकेत अशाच डब्याला ‘कबूस’ म्हणायचे. पण आपला गार्डचा डबा अगदीच साधा, तर कबूस म्हणजे चाकांवरचं घर.

गाडीचा कंडक्टर आणि मागचा ब्रेकमन त्यात दिवसच्या दिवस काढायचे. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप, तिथेच कागदपत्रं. छपरावर खिडक्यांची एक छोटी खोली असायची, तिला ‘क्युपोला’ म्हणतात. तिथे बसून पूर्ण गाडीवर नजर ठेवायची. एखाद्या चाकाच्या आसाचं बेअरिंग तापून धूर निघाला तर तो पहिल्यांदा यांना दिसायचा. गाडी मध्येच थांबली की कंदील नाहीतर झेंडा घेऊन मागे चालत जायचं आणि मागून येणाऱ्या गाडीला सावध करायचं, हेही यांचंच काम.

वॉल्टला हे वेड लागलं कुठून?

पोरवयात वॉल्टने रेल्वेत पेपर आणि खाऊ विकला होता. तेव्हापासून रेल्वे डोक्यात बसली ती बसलीच. पुढे त्याच्या स्टुडिओतले वॉर्ड किंबॉल आणि ऑली जॉन्स्टन हे ॲनिमेटरही रेल्वेवेडे निघाले. मग वॉल्टने लॉस एंजेलिसमधल्या आपल्या नव्या घराच्या आवारात 2,615 फूट, म्हणजे जवळपास 800 मीटर रूळ टाकले. दोन रुळांमधलं अंतर सव्वासात इंच. नाव ठेवलं ‘कॅरोलवूड पॅसिफिक’.

बायकोची फुलबाग मोडायला नको म्हणून रूळ बागेखालून बोगद्याने नेले. इंजिनाला बायकोच्या नावावरून ‘लिली बेल’ म्हटलं. एवढंच नाही, तर आवारातून गाडी न्यायचा हक्क मिळावा म्हणून बायको आणि मुलींसोबत गमतीत कायदेशीर करारसुद्धा केला.

इंजिनाचं काम स्टुडिओच्या मशीन शॉपचे प्रमुख रॉजर ब्रॉगी यांच्या देखरेखीखाली झालं. कबूसचं बहुतेक काम मात्र वॉल्टने स्वतः केलं. आतली पोटफुगी शेगडी तर त्याला इतकी आवडली की त्याने तशा शंभरेक शेगड्या बनवल्या आणि प्रत्येक वेगळ्या पद्धतीने रंगवली.

एवढा मोठा मॉडेल डबा बनतो कसा?

टेबलावर मावणारं मॉडेल आणि हे मॉडेल यात मोठा फरक आहे. एक अष्टमांश मापात 30 फुटांचा कबूस होतो पावणेचार फुटांचा. सहा फुटी ब्रेकमन होतो नऊ इंचांचा. पण वजन आठपट कमी होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही आठपट घटल्या की वजन 512 पट घटतं. म्हणजे 20 टनांचा डबा हिशेबाने 40 किलोच्या आत येतो. तरीही तो एकट्याने उचलून रुळावर ठेवणं सोपं नाही.

काम खालून वर होतं. आधी स्टीलची किंवा लाकडाची चौकट. तिच्याखाली चार-चार चाकांचे दोन गाडे. इथे एक युक्ती असते. दोन्ही गाडे घट्ट बसवले तर रूळ जरा वाकडातिकडा झाला की एखादं चाक हवेत उचललं जातं आणि डबा घसरतो. म्हणून एका गाड्याला डावी-उजवीकडे डुलायला मोकळीक देतात, दुसऱ्याला देत नाहीत. तीन पायांचं स्टूल कशाही जमिनीवर डुगडुगत नाही, तोच हा हिशेब.

मग येतं लाकूडकाम. प्लायवूडची पेटी करून तिच्यावर समान अंतरावर खाचा पाडल्या की फळ्या जोडल्यासारख्या दिसतात. ज्याला वेळ आहे तो खरोखर एकेक पट्टी चिकटवतो. छप्पर गोलाकार असतं, त्यामुळे पातळ प्लाय कमानींवर वाकवून थरावर थर चिकटवतात. ते उचलून काढता येईल असंच ठेवतात, नाहीतर आतली मेहनत कुणाला दिसणार? शिड्या, हात धरायच्या कड्या, खिडक्यांच्या चौकटी यात सगळ्यात जास्त संध्याकाळी जातात.

सगळ्यात मोठा धोका असतो तोल जाण्याचा. रूळ जेमतेम सव्वासात इंच रुंद आणि त्यावर जवळपास पावणेदोन फूट उंच पेटी! म्हणून वरचं काम हलकं ठेवतात आणि वजन तळाशी घालतात. वॉल्टच्या गाडीतही माणसं बसायची ती बुटक्या, उघड्या वाघिणींमध्ये.

खेळ वाटतो, पण खेळणं नाही

1953 मध्ये पाहुण्याच्या हातात असताना लिली बेल वळणावर घसरली. वाफ सुटली आणि पाच वर्षांच्या एका मुलीला भाजलं. जखम किरकोळ होती, पण वॉल्टने घरची रेल्वे त्यानंतर बंदच केली. लोकांना बसवून नेणारी गाडी छोटी असली तरी तिची वाफ आणि वेग खराच असतो. म्हणूनच आज हा छंद बहुतेक जण क्लबमध्ये जोपासतात. तिथे वेगावर मर्यादा असते आणि गाडी रुळावर जाण्याआधी तपासली जाते.

वॉल्टने रेल्वेचा नाद मात्र सोडला नाही. 1955 मध्ये डिस्नेलँड सुरू झालं तेव्हा त्याच्याभोवती वाफेची रेल्वे धावत होती. घरामागचं त्याचं लाकडी कोठार आज लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये उभं आहे. तिथेच वाफेच्या छोट्या गाड्या चालवणाऱ्यांचा क्लबही आहे.

खरे कबूस कुठे गेले?

1980 च्या दशकात अमेरिकेच्या मालगाड्यांमागचे कबूस भराभर हटले. रुळांशेजारी तापलेलं बेअरिंग ओळखणारी यंत्रं आधीच आली होती. मग शेवटच्या डब्याच्या मागे अडकवायची एक छोटी पेटी आली. ब्रेकमधला हवेचा दाब ती रेडिओवरून थेट इंजिनात कळवते. रेल्वे कंपन्यांचा खर्च वाचला आणि मागच्या माणसांची जागा गेली. भारतातही गार्डच्या डब्याऐवजी असं यंत्र आणलं जातंय.

काढलेले कबूस भंगारात गेले, काही संग्रहालयात, तर पेनसिल्व्हेनियात त्यांचं चक्क हॉटेल झालं.

म्हणूनच हौशी लोक कबूस निवडतात. मालगाडीच्या बाकीच्या डब्यांमध्ये कोळसा, धान्य, गुरं भरलेली असायची. माणसं राहायची ती या एकाच डब्यात. त्याचं मॉडेल करताना शेगडीला कठडा का होता हेसुद्धा शोधावं लागतं. तो असायचा, कारण गाडीला हिसका बसला की कॉफीचं भांडं खाली पडायचं.